आधी मीटर, मग मॉड्यूल!

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी मी घरी बोलते आणि मेसमध्ये भांडते, लिहिते मात्र फारच कमी. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागाच्या संपादिका माझ्या रूममेट आहेत आणि "लेख दिला नाहीस तर तुझी किटली लपवीन" अशी धमकी त्यांनी दिल्यामुळे हा लेख जन्माला आला आहे. असो.

तर विषय आहे आमच्या घरच्या गाडीचा. प्रीमियर पद्मिनी, पांढरी, १९८६ ची. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून, पीएफमधून पैसे काढून घेतलेली. तुमच्यापैकी अनेकांना पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी एवढंच माहीत असेल. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा सगळ्यांनी स्टेटसला फोटो ठेवले होते. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९६४ पासून ती आपल्याकडे 'डिलाइट' म्हणून बनवली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी आमच्याकडे साताऱ्यात अजून उभी आहे. 'उभी' हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण गेली दीड वर्षं ती बहुतेक वेळ उभीच होती!

तक्रार अशी होती. सकाळी थंड असताना चोक ओढला की झटक्यात चालू. वीस-पंचवीस मिनिटं मस्त चालणार. मग चढ आला की मिसिंग मारायला लागणार, दोन-तीन आचके देणार आणि बंद. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की पुन्हा चालू, जणू काही घडलंच नाही.

बाबांनी शेवटी सांगून टाकलं, "दिवाळीच्या सुट्टीत चालू झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला फोन करतो. रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, पीयूसी काढायची आणि गाडी ढकलायची, हे आता माझ्याच्यानं होत नाही." त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गाडी ढकलायला तेच असायचे. आजोबा काहीच बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी गाडीची काच पुसायचे, ती त्यांनी बंद केली. ते मला जास्त लागलं.

मी मेकॅनिकल, थर्ड इयर. आयसी इंजिनला चांगले मार्क. म्हटलं, हे माझं काम!

आता माझे पराक्रम ऐका. पहिला संशय पेट्रोलवर. शेजारचे काका म्हणाले, "हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाडीला ते चालत नाही, पाइपात वाफ धरते." मी पेट्रोलचे रबरी पाइप बदलले. (हे करणं शहाणपणाचंच आहे, जुनं रबर इथेनॉलने खराब होतं. पण आमचा रोग तो नव्हता.) चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. मग प्लग बदलले. आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. मग कंडेन्सर, मग कॉइल. दर वेळी "आता सापडलं!" असं मी घरी जाहीर करायचे आणि दर वेळी गाडी मला खोटं पाडायची.

शेवटी मी ठरवलं की रोगाचं मूळ म्हणजे हे जुनाट तंत्रच. काढून टाका ते पॉइंट! इंटर्नशिपचे पैसे होते, त्यातून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवलं. पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे, त्या जागी हॉल सेन्सरचं छोटं मॉड्यूल बसवायचं, शाफ्टवर चुंबकाची कडी घालायची, दोन वायरी जोडायच्या. दुपारभरात काम झालं. गाडी इतकी गोड चालली की आईने कंदी पेढे आणले. दुसऱ्या रविवारी आजी-आजोबांना घेऊन आम्ही कासला निघालो.

यवतेश्वरच्या घाटात, अर्ध्या चढावर, गाडी बंद पडली.

आजोबा खाली उतरले, कठड्यावर बसले आणि म्हणाले, "राहू दे बाळ. वय झालं तिचं." त्या वेळी मला कळलं की ते फक्त गाडीबद्दल बोलत नाहीयेत. मी बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभी राहिले, कारण रडायला तीच एक जागा होती.

त्या दिवसापासून डोक्यात जे घोळतंय ते सांगायला हा लेख. माझं म्हणणं एका वाक्यात असं: दोष कुठे आहे हे न मोजता केलेलं अपग्रेड म्हणजे दुरुस्ती नव्हे, ती पळवाट आहे. आणि ही पळवाट आपल्याला कॉलेजच शिकवतं!

रागावू नका, सरांनीही रागावू नये. आधी गाडीचं काय झालं ते पूर्ण सांगते.

मी गेले आमच्या जुन्या मिस्त्री काकांकडे. वय सत्तरच्या पुढे, गॅरेज आता मुलगा बघतो. काकांना मी सगळी कथा सांगितली, कोणकोणते पार्ट बदलले त्याची यादी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बदललंस लई. मोजलंस काय?"

मी म्हटलं, "मोजलं ना! कॉइलला बारा व्होल्ट येतायत. वायरिंग ओके आहे."

"पॉइंट मिटलेलं असताना मोजलंस का उघडं असताना?"

मी गप्प.

इथे थोडं थांबून ही जुनी इग्निशन सिस्टिम कशी चालते ते सांगते. कॉम्प्युटर आणि सिव्हिलवाल्यांनी घाबरू नये, सोपं आहे. बॅटरीतून करंट निघतो, चावीच्या स्विचमधून कॉइलच्या प्रायमरीत जातो, तिथून डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटमधून बॉडीला अर्थ होतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र साठतं. शाफ्टवरचा कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि प्रायमरीतच दोन-तीनशे व्होल्टचा झटका तयार होतो. सेकंडरीला सुमारे शंभर पट वेढे, म्हणजे वीस हजार व्होल्ट आणि वर. रोटर तो झटका १-३-४-२ या क्रमाने प्लगना वाटतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला फिरत असेल तर हे सगळं सेकंदाला १०० वेळा होतं! एवढंसं ते यंत्र, पण काय टायमिंग!

ही योजना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर ती आली. त्याच्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, आद्याक्षरं जोडून 'डेल्को'. गंमत म्हणजे आमचे मिस्त्री काका डिस्ट्रिब्यूटरला 'डेलको' म्हणतात. "डेलकोचं झाकण काढ, पोरी." हे नाव कुठून आलं ते त्यांना मी सांगितलं, तर म्हणाले, "आसंल." त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र लई भारी वाटलं!

आता पुढे. काकांनी मला माझंच मॉड्यूल काढायला लावलं आणि जुने पॉइंट परत बसवायला लावले. (नशिबाने मी ते फेकले नव्हते, डॅशबोर्डच्या कप्प्यात होते.) मग गाडी वीस मिनिटं फिरवून आणली, चांगली गरम केली. इंजिन बंद केलं, हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या जागी आणलं, चावी ऑन केली आणि मीटर लावला. कॉइलच्या प्लसवर ९.१ व्होल्ट.

मग काड्यापेटीचा पुठ्ठा पॉइंटमध्ये सरकवला, म्हणजे करंट तुटला. मीटरवर १२.

पुठ्ठा काढला, ९.१. घातला, १२.

मी आजवर मोजत होते ते पुठ्ठा घातलेलं. पॉइंट नेमके उघडे राहिलेले असायचे आणि मी "बारा येतायत" म्हणून खूश! करंट वाहतच नसेल तर रेझिस्टन्सवर व्होल्टेज पडणार कसं? ओहमचा नियम आठवीत शिकले होते की मी. आपल्या हॉस्टेलचं उदाहरण घ्या. रात्री दोन वाजता चौथ्या मजल्यावरच्या नळाला काय प्रेशर असतं! तेव्हा तपासायला आलेला प्लंबर म्हणणार, लाइन एकदम ओके. त्याने सकाळी सात वाजता यावं, सगळे नळ चालू असताना. वायरिंगचंही तसंच. लोड असतानाच मोजायचं.

मग काकांनी पुढचं शिकवलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी कॉइलच्या प्लसला. म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते सरळ दिसतं. अर्ध्या व्होल्टच्या आत असावेत. आमचे २.९ गळत होते. मग टप्प्याटप्प्याने पुढे सरकायचं. बॅटरी ते चावीचा स्विच, ०.२. स्विचच्या आत, २.६. स्विच ते कॉइल, ०.१. झाली की बेरीज! चोर सापडला. पेट्रोल नाही, प्लग नाही, कंडेन्सर नाही, कॉइल नाही आणि बिचारे पॉइंट तर मुळीच नाहीत. जवळपास चाळीस वर्षं फिरलेला चावीचा स्विच आतून झिजून काळा पडला होता.

आता यातला हिशेब बघा, कारण तो मला हॉस्टेलवर येऊन कळला आणि रात्री झोप आली नाही. कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स सुमारे ३ ओहम. पूर्ण १२ व्होल्ट मिळाले तर करंट ४ अँपिअर. ९ मिळाले तर ३. फरक पाव हिश्श्याचा, म्हणून वाटतं की फार काही बिघडत नाही. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते, अर्धा एल आय स्क्वेअर! ४ चा वर्ग १६, ३ चा वर्ग ९. म्हणजे ठिणगीची ताकद जवळजवळ निम्म्यावर. हा फॉर्म्युला मी फर्स्ट इयरला पाठ केला, पेपरात लिहिला, दोन मार्क घेतले आणि विसरून गेले. घाटात आजी-आजोबांसकट जो मला भेटला तो हाच.

बाकीची कोडीही मग सुटली. स्विचमध्ये २.६ व्होल्ट आणि ३ अँपिअर, म्हणजे सुमारे ८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा स्विचच्या पोटात. तो तापला की काँटॅक्ट आणखी बिघडतो, म्हणून वीस मिनिटांनीच त्रास. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून घाटातच त्रास. नवीन प्लगच्या कडा धारदार असतात, गॅप बरोबर असते, त्यांना कमी व्होल्टेज पुरतं, म्हणून प्लग बदलले की आठवडाभर बरं. म्हणजे माझी प्रत्येक 'दुरुस्ती' रोग थोडा झाकत होती. आणि मॉड्यूल? तेही त्याच उपाशी वायरीवर जेवत होतं. त्यानं काय करावं?

उपाय काय केला? नवा स्विच आणि एक रिले. बॅटरीकडून फ्यूज लावून जाड वायर सरळ रिलेमार्फत कॉइलला. चावीने आता फक्त रिलेला इशारा करायचा, त्याला अँपिअरचा छोटासा अंशच लागतो. रिले, फ्यूज, वायर मिळून खर्च आमच्या एका पिझ्झा पार्टीपेक्षा कमी. त्यानंतर गरम गाडीत, पॉइंट मिटलेले असताना, कॉइलला ११.८. माझ्या मते आमच्या गाडीचं खरं अपग्रेड हेच!

आता तुम्ही म्हणाल, मग इलेक्ट्रॉनिक किट वाईट का? अजिबात नाही. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, कंपनीने दिलं ते पवित्र, स्क्रूसुद्धा बदलू नका. दुसरा म्हणतो, जुनं ते सगळं काढा. मला दोन्ही पटत नाहीत.

पॉइंटचा दोष खरा आहे. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजतो, गॅप कमी होत जाते आणि गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग हळूहळू मागे जातं. गाडी जड वाटते, पेट्रोल जास्त पिते आणि मिसिंग असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर, म्हणजे पीयूसीलाही नापास. दर काही हजार किलोमीटरला फीलर गेज घेऊन बसावं लागतं. काका १६ थाउची पट्टी लावतात, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. हे आता रोज कोण करणार? गाव सोडून आम्ही सगळे बाहेर. हॉल सेन्सरला घासायला काही नाही, त्यामुळे टायमिंग जागेवर राहतं. म्हणून मी किट परत बसवलं. काकांनी हरकत घेतली नाही, उलट म्हणाले, "आता बसव. आता त्याला काम दिसंल."

पण काही अटी आहेत, जुनी गाडी असणाऱ्यांनी त्या लक्षात ठेवाव्या. एक, आधी जुनी सिस्टिम तिच्या जागी नीट चालवून दाखवा, मगच बदला. नाहीतर जुना दोष आणि नवा दोष यांची अशी गाठ बसते की कुणालाच सुटत नाही. दोन, कॉइल मॉड्यूलला जुळणारी हवी. मला एका दुकानदाराने "स्पोर्ट्स कॉइल घ्या, पॉवर वाढेल" म्हणून दीड ओहमची कॉइल दाखवली होती. बारा भागिले दीड, आठ अँपिअर! साध्या पॉइंटवर लावली असती तर ते काही दिवसांत जळाले असते. तीन, इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असतील तर कॉइलमध्ये चार अँपिअर वाहत राहतात, म्हणजे ४८ वॅट. कॉइल तापते आणि काही मॉड्यूल त्यात जातात. चार, ठिणगी तपासताना इन्सुलेटेड पक्कड वापरा आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही ना ते बघा. वीस हजार व्होल्टचा झटका मी खाल्लेला आहे, शिफारस करत नाही.

आणि पाच, जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. मॉड्यूल जातं तेव्हा एकदम जातं, 'राम' म्हणायलाही वेळ देत नाही. पॉइंट मात्र आधी सांगून, कण्हत-कण्हत जातात आणि घाटात पॉलिश पेपर आणि काड्यापेटीच्या पुठ्ठ्यावरही त्यांना घरापर्यंत आणता येतं. नव्यावर विश्वास ठेवायचा, पण जुन्याला घराबाहेर काढायचं नाही. हे गाडीबद्दल बोलतेय मी. (घरातल्या माणसांबद्दल वाचलंत तरी चालेल.)

आता कॉलेजबद्दल, आणि इथे मी थोडी गंभीर होणार आहे.

मला शंभरात सत्तरच्या वर मार्क देणाऱ्या विषयात मी सहा महिने आंधळ्यासारखी पार्ट बदलत होते. हे कसं झालं? मी ढ आहे असं म्हणून विषय संपवता येईल. पण तुमच्या खोलीत डोकावून बघा. जर्नलमधली रीडिंग आपण कशी लिहितो? आधी सीनियरचं जर्नल, मग ग्राफ, मग ग्राफला शोभतील अशी रीडिंग! ग्राफवरून वळण बाहेर गेलेला एखादा खरा आकडा आला तर आपण तो खोडतो. माझ्या गाडीत ९.१ हा असाच 'चुकीचा' आकडा होता. जर्नलमध्ये असता तर मी तो बारा करून टाकला असता. सही मिळाली असती.

प्रोजेक्टचंही तेच. एखादी गोष्ट नीट चालत नाही म्हटलं की आपला पहिला विचार काय? सेन्सर लावू, आरड्युइनो लावू, अ‍ॅप काढू. ती का चालत नाही हे दोन दिवस बसून मोजू, असं कोणी म्हटलं तर गाइडसुद्धा विचारतात, "पण यात नवीन काय?" दोष शोधणं हे नवीन नाही म्हणून त्याला मार्क नाहीत. ज्याला मार्क नाहीत ते आपण करत नाही. साधं गणित आहे.

काही जण म्हणतील, पॉइंट आणि डिस्ट्रिब्यूटर गेले इतिहासजमा, इलेक्ट्रिक गाड्यांच्या काळात ते शिकून काय करायचं? मान्य. पॉइंट शिकू नका. पण लोड असताना मोजायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बॅटरीपासून टप्प्याटप्प्याने पुढे जायचं, हे इलेक्ट्रिक गाडीतही लागणारच आहे. तिथे तर व्होल्टेज शेकड्यांत! काकांना अर्धा एल आय स्क्वेअर माहीत नाही. मला माहीत आहे, पण पुठ्ठा पॉइंटमध्ये घालायचं सुचलं नाही. आम्हा दोघांपैकी इंजिनिअर कोण, हा प्रश्न मी व्हायवाला स्वतःलाच विचारला आणि उत्तर लिहायला जागा पुरली नाही.

म्हणून नुसती टीका न करता एक सूचना करते. आपल्या ऑटोमोबाईल लॅबमध्ये काचेच्या कपाटात एक डिस्ट्रिब्यूटर आहे, अर्धा कापून रंगवलेला, लाल-पिवळा. छान दिसतो. त्याला आपण कोणी हात लावलेला नाही, कारण कपाटाला कुलूप आहे. तो तिथेच राहू द्या. त्याशेजारी एक लाकडी बोर्ड ठेवा. जुन्या बाजारातून आणलेला चालू डिस्ट्रिब्यूटर, कॉइल, चार प्लग, एक बॅटरी, फिरवायला छोटी मोटर. लॅब असिस्टंट काकांनी दर बॅचआधी त्यात एक दोष लपवून ठेवायचा. कधी चीर गेलेली कॅप, कधी मेलेला कंडेन्सर, कधी गंजलेला लग. विद्यार्थ्याला एक मीटर आणि वीस मिनिटं. मार्क दोष सापडण्याला कमी आणि कसा शोधला, काय मोजलं, कोणत्या क्रमाने, याला जास्त. आणि जर्नलमध्ये आलेलं प्रत्येक रीडिंग तसंच्या तसं, वेडंवाकडं असलं तरी. खर्च फार नाही. बोर्ड बनवायला मी तयार आहे, माझ्याबरोबर आणखी तिघी तयार आहेत. एचओडी सरांनी हा लेख वाचला तर हा आमचा अर्ज समजावा. (सर, अटेंडन्समध्ये थोडी सूट मिळाली तर काम लवकर होईल!)

राहता राहिली गाडी. दिवाळीच्या सुट्टीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही पुन्हा यवतेश्वरचा घाट चढलो. मीटरच्या वायरी मी कॉइलपासून आत डॅशबोर्डपर्यंत आणून ठेवल्या होत्या, त्यामुळे माझं लक्ष रस्त्यापेक्षा आकड्यावर. (गाडी बाबा चालवत होते, काळजी नसावी.) जिथे बंद पडली होती ते वळण आलं, आजीने डोळे मिटले, मी श्वास धरला. आकडा हलला नाही. गाडी वर गेली. कासला फुलांचा सीझन कधीच संपला होता, सगळीकडे वाळलेलं गवत. तरी आजोबांनी उतरून, पाठीमागे हात बांधून, सगळ्या पठाराकडे अशा काही रुबाबात बघितलं, की जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

बाबांनी भंगारवाल्याचा नंबर अजून डिलीट केलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलचे कागद त्यांनी स्वतः गोळा केले आहेत. आणि आजोबांचं फडकं परत गाडीच्या वायपरखाली दिसायला लागलंय.

जाता जाता. आमच्या रेक्टर मॅडमची जुनी स्कूटर तीन महिने पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली आहे. मॅडम, ऐकते की तुम्ही ती विकणार आहात. कृपया आठ दिवस थांबा. मीटर माझ्याकडे आहे, आणि या वेळी मी काहीही बदलायच्या आधी मोजणार आहे. फक्त रात्री दहानंतर पार्किंगमध्ये जायची परवानगी तेवढी हवी!